कोपऱ्यापलीकडची बशी

ज्या वर्षी आंपारोच्या थोरल्या नातीचा पंधराव्या वर्षाचा सोहळा झाला आणि अंगणातल्या उन्हात तिच्या केकचा वरचा मजला घसरत घसरत टेबलावर येऊन बसला, ते सत्त्याण्णव साल. त्या सोहळ्याला आंपारोची धाकटी बहीण डेल्फिना एल पासोहून दोन बॅगा घेऊन आली होती. तिला घरात सगळे फीना म्हणत. नवरा जाऊन तिला चार महिने झाले होते. सोहळा संपला, पाहुणे पांगले, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत गेल्या आणि फीना राहिली. तिचा मुलगा एफ्राइन फिनिक्सला असे. त्यानं मावशीला सांगितलं की उन्हाळाभर आईला ठेवून घे, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो आणि तिला कायमची घेऊन जातो. तोवर तिची खोली रंगवून होईल.

आंपारो 'बरं' म्हणाली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती त्या घरात एकटी होती. सत्तरी गाठली होती. सकाळी कॉफी करताना ती अजूनही भांड्यात दोन कपांचं पाणी घेई आणि मग अर्धं ओतून देई. फीनानं आता इथंच राहावं असं तिला फार वाटत होतं. पण तिला लोकांना कामं सांगायची सवय होती, कुणाकडे काही मागायची नव्हती. सहा भावंडांत थोरली, आई लवकर गेलेली. धाकट्यांना उठवणं, जेवू घालणं, रागावणं हे सगळं ती दहाव्या वर्षापासून करत आली होती. 'राहा ना गं माझ्याजवळ' एवढं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं, आणि आता या वयात ते निघेल असंही तिला वाटत नव्हतं.

फीना तर दिवसभर खुर्चीत बसून असे. विचारलं तर उत्तर देई, वाढलं तर खाई. सोहळ्याच्या दिवशी मात्र एक गोष्ट आंपारोनं पाहिली होती. नातीच्या झग्याच्या कमरेला लाल साटीनचं मोठं फूल लावलं होतं. जेवणं चालली असताना एक चुपारोसा, म्हणजे आपला हमिंगबर्ड, भर्रकन आला आणि त्या खोट्या फुलासमोर हवेत थांबून चोच खुपसू लागला. पोरगी किंचाळली. फीना हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. आंपारोनं ते लक्षात ठेवलं, आणि पुढच्या सोमवारी ती बहिणीला घेऊन बेनिग्नोच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

बेनिग्नोकडे रसाच्या बाटल्या दोन तऱ्हांच्या होत्या. एक उंच, निळ्या काचेची, उलटी टांगायची, तळाशी पितळी फुलं बसवलेली. दुसरी म्हणजे नुसती चपटी बशी, वर लाल झाकण आणि झाकणाला भोकं. फीनानं बशी हातात घेऊन उघडून पाहिली आणि म्हणाली की ही धुवायला सोपी, आत हात जातो. आंपारोला ती बशी औषधाच्या पेटीसारखी दिसली. असली वस्तू अंगणात टांगून लोकांनी काय म्हणायचं, असं म्हणून तिनं निळी बाटली घेतली. फीनानं बशी फळीवर परत ठेवली.

जागेवरूनही तेच झालं. फीनाचं म्हणणं होतं की घराच्या मागं टांगू, तिथं बंद पडलेली उन्हाळी चूल आहे, चिंचोळी सावली आहे, हॅकबेरीचं झाड आहे, पाखराला टेकायला फांदी मिळेल. आंपारोला बाटली पुढच्या ओसरीत हवी होती, आपल्या खुर्चीसमोर, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ओसरी पश्चिमेला होती. आणि रस म्हणून तिनं त्यात मध पातळ करून भरला, कारण त्यांच्या बापाच्या मधमाश्या होत्या आणि त्या घरात पाहुण्याला कधी साखरेचं पाणी दिलं गेलं नव्हतं.

दुपारच्या उन्हात काच तापली, आतली हवा फुगली आणि मध फुलांतून टपटप गळू लागला. फरशीवर मुंग्यांची रांग लागली, गांधीलमाश्या आल्या. संध्याकाळपर्यंत मधाला आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी एक हिरवं पाखरू बाटलीपाशी आलं, कशाला तरी दचकलं, ओसरीतल्या खिडकीच्या काचेवर आपटलं आणि खाली पडलं. फीनानं ते ओंजळीत घेतलं, बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवलं, वर झाकण लावलं आणि खोकं मांडीवर घेऊन बसली. तासाभरानं आत खुडबुड झाली. तिनं झाकण काढलं तर ते तीरासारखं निघून गेलं. फीना रिकाम्या खोक्यात बराच वेळ बघत राहिली. आंपारो दारात उभी होती. त्या दिवशी तिला आपल्या बाटलीची लाज वाटली, पण तोंडानं ती एवढंच म्हणाली की खिडकीच मुळात चुकीच्या जागी काढली आहे.

गावात टॉलिव्हरबाई म्हणून एक म्हातारी होती, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सरकारी परवाना घेऊन ती या पाखरांच्या पायात कडी घालण्याचं काम करायची आणि वहीत नोंद ठेवायची. आमची स्पॅनिश भाषा तिला मोडकीच येत होती, पण बोलायला ती घाबरत नसे. बाटली पाहायला म्हणून आली आणि निघताना तिनं सगळं सांगितलं. मध द्यायचा नाही, तो नासतो आणि पाखराच्या जिभेवर बुरा धरतो. साधी पांढरी साखर घ्यायची, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग घालायचा नाही. या उन्हात दर दुसऱ्या दिवशी बदलायचं, बाटली गरम पाण्यानं धुवायची. जागा सावलीची हवी. आणि एक तर खिडकीला अगदी चिकटून टांगा, म्हणजे पाखराला वेग घ्यायला वाव नाही, नाही तर खिडकीपासून चांगली लांब न्या. मधलं अंतर वाईट.

आंपारोनं मान डोलावून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बेनिग्नोकडे जाऊन आली. पुढच्या अंगणातल्या मेस्कितच्या झाडाखाली, ओसरीपासून पंधरा पावलांवर, लाल झाकणाची चपटी बशी लटकू लागली. वर मुंग्या अडवायला पाण्याची छोटी वाटीही होती. फीनानं विचारलं, निळी कुठं गेली? आंपारो म्हणाली की बेनिग्नोनं परत मागितली, तिला गिऱ्हाईक आलं होतं. फीना तोंड फिरवून हसली. खोटं बोलणं आंपारोला कधीच जमलं नव्हतं.

जून महिना बरा गेला. सकाळी दोघी खुर्च्या टाकून बसत. पाखरं येत, आठ-आठ दहा-दहा. फीना त्यांना ओळखू लागली, नावं ठेवू लागली. एकाचं नाव तिनं 'शिंपी' ठेवलं, एकीचं 'विधवा'. बोलता बोलता ती नवऱ्याबद्दलही बोले. आंपारो ऐकायची आणि तिला वाटायचं, होतंय, हळूहळू होतंय.

पण घरात तसं नव्हतं. फीनानं भांडी घासली की आंपारो ती पुन्हा घासत असे. फीनाच्या तोर्तिया, म्हणजे पोळ्या, जाड असत, एल पासोकडच्या. आंपारोच्या कोपरापर्यंत पसरणाऱ्या, इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं. फीना पिठाला हात घालू लागली की आंपारो मागं येऊन उभी राही, आणि थोड्या वेळानं फीनाच बाजूला होई. फीनानं कॉफीत दालचिनी घातली तर आंपारो म्हणे की कॉफी आहे की मिठाई. यातलं काहीही रागानं नव्हतं. तिला वाटायचं आपण बहिणीला आराम देतोय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला. विटेसारखा तांबडा, अंगठ्याएवढा, गळ्याला निखाऱ्याची चमक. उत्तरेकडच्या थंड मुलखातून दक्षिणेला जाणारे हे तांबडे दरसाल या दिवसांत गावावरून जातात, थोडे दिवस थांबतात, अंगावर चरबी चढवतात आणि पुढं निघतात. हा मेस्कितच्या वाळक्या टोकावर बसला आणि बशीपाशी दुसरं पाखरू आलं रे आलं की सुरीसारखा सुटून त्याला गावाबाहेर घालवून देऊ लागला. शिंपी गेला, विधवा गेली. दोन दिवसांत अंगणात तो एकटा उरला. फीनानं त्याचं नाव 'शेरीफ' ठेवलं.

आंपारोनं डोकं चालवलं. एका बशीवरून भांडण आहे, तर बश्या वाढवू. तिनं आणखी दोन आणल्या आणि मेस्कितपासून कुंपणाच्या खांबापर्यंत तार बांधून तिन्ही एका ओळीत टांगल्या, खुर्चीतून सगळ्या एका नजरेत येतील अशा. घरात मिरच्यांच्या माळा, लसणाच्या जुड्या, कपडे, सगळं एका तारेवर टांगायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. शेरीफला तर बरंच झालं. त्याच एका टोकावर बसून तो तिन्ही बश्या राखू लागला.

त्या संध्याकाळी आंपारो टेबलाशी पीठ मळत होती आणि फीना मिरच्या निवडत होती. फीनानं निवडलेल्या ढिगातून आंपारोनं, बोलता बोलता, दोन मिरच्या उचलून बाजूला टाकल्या. फीनाचे हात थांबले.

"ताई," ती म्हणाली, "तो शेरीफ तुझ्यावर गेलाय बघ."

आंपारोला वाटलं ही चेष्टा आहे. वर पाहिलं तर फीना हसत नव्हती. ती उठली, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी आंपारो खोली झाडायला गेली तेव्हा पलंगाखालची एक बॅग बाहेर काढून ठेवलेली होती आणि हिवाळी कपडे घड्या करून त्यात भरलेले होते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारला अजून पाच आठवडे होते.

आंपारो झाडू धरून तिथंच उभी राहिली. राग आला आधी. एवढं केलं हिच्यासाठी, बाटल्या काय, बश्या काय, तार काय. मग राग गेला, आणि तो गेल्यावर जे मागं राहिलं ते तिला सहन होईना.

त्याच आठवड्यात टॉलिव्हरबाई आपला जाळीचा पिंजरा घेऊन आली. तिनं तिन्हींतल्या एका बशीभोवती तो उभा केला, पडद्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक हातात धरून ओसरीत बसली. अर्ध्या तासात शेरीफ आत शिरला आणि पडदा पडला. आंपारोला जरा बरं वाटलं, बरं झालं म्हणावं, सापडला एकदाचा. बाईनं त्याला मोज्यासारख्या पिशवीत घालून सोनाराच्या काट्यावर तोललं, पायात इवलीशी कडी घातली आणि मग एक पोकळ नळी ओठांत धरून त्याच्या पोटावर हळूच फुंकर मारली. पिसं दुभंगली. आंपारोनं वाकून पाहिलं. आत नुसती तांबूस कातडी होती, कागदासारखी पातळ.

किती दिवस झाले हा इथं आहे, बाईनं विचारलं. आंपारोनं हिशेब केला, बारा. बाई वहीत काहीतरी लिहीत राहिली. मग म्हणाली की बारा दिवसांत याच्या पोटावर पिवळी चरबी दिसायला हवी होती. दिवसभर हा इतरांना हाकलत फिरतो. जेवढं पितो तेवढं त्यातच उडवतो.

"हा उपाशी आहे, आंपारोबाई," बाई म्हणाली. "तीन बश्या समोर आहेत आणि उपाशी आहे. याला अजून अर्धी वाट जायचीय."

तिनं त्याला आंपारोच्या तळहातावर ठेवलं. वजन असं काही लागलंच नाही. फक्त एक थरथर होती, शिवणयंत्र चालू असताना टेबलावर हात ठेवल्यावर लागते तशी. ते त्याचं काळीज होतं. तो क्षणभर तसाच पडून राहिला, काळ्या मण्यासारखा डोळा तिच्याकडे लावून, आणि मग उडाला. सरळ मेस्कितच्या त्याच टोकावर जाऊन बसला.

आंपारोनं विचारलं, मग याला काय करावं? बाई म्हणाली, याला काहीच करू नका. एक बशी अशा जागी न्या की ती त्याला तिथून दिसणार नाही. घराच्या पलीकडं, कोपऱ्याच्या मागं. दिसतच नाही ते राखायला कोण जाईल?

बाई गेली. आंपारो खुर्चीत बसून राहिली. त्या दुपारी तिनं जेवण उशिरा केलं. तिला आठवत होतं ते असं काही विशेष नव्हतं, जुनंपुराणंच. आई गेली त्या हिवाळ्यात घरात कोंड्याचं एक पोतं होतं आणि सहा तोंडं. ती पोत्यावरच निजायची. कुणी चोरून खाईल म्हणून नव्हे. आपण उठलो आणि कमी पडलं तर काय, म्हणून. ते पोतं संपून साठ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गावातच राहणाऱ्या आपल्या मुलाला बोलावून मागची उन्हाळी चूल मोकळी करून घेतली. चार खांब, वर पत्रा, मातीची चूल. गॅस आल्यापासून तिथं नवऱ्याची हत्यारं, फाटके टायर आणि एक मोडका पलंग पडलेला होता. सगळं निघालं. मुलानं चूल लिंपून दिली, एक टेबल आणून ठेवलं. आंपारोनं तारेवरची एक बशी काढली, धुतली आणि हॅकबेरीच्या फांदीला स्वतः टांगली. स्टुलावरून उतरताना तिचा गुडघा कुरकुरला. मग तिनं फीनाला हाक मारली. साखरेचा डबा, धुवायचा ब्रश आणि आईचा जुना तवा तिच्या हातात दिला. त्या तव्याला आजवर आंपारोनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"ही चूल तुझी," ती म्हणाली. "बशीही तुझी. कोपऱ्याच्या इकडे मी येणार नाही."

फीनानं तव्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "बघायलाही नाही?"

"बघायलाही नाही."

"तीन दिवस. तीन दिवसांच्या वर तू टिकलीस तर मी माझं नाव बदलते, ताई."

आंपारो पुढच्या अंगणात निघून गेली.

पहिला दिवस शेरीफनं छपरावरून चकरा मारण्यात घालवला. नवी बशी त्याला कळली होती. तो इकडून तिकडं, तिकडून इकडं उडत होता, आणि तो मागं गेला की पुढच्या बश्यांवर शिंपी येऊन पीत होता, आणि पुढं आला की मागं कल्ला होत होता. आंपारो ते पाहत होती. संध्याकाळी तो टोकावर येऊन बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी त्यानं छप्पर सोडून दिलं. पुढच्या दोन बश्याच राखू लागला, आणि मधूनमधून, इतर कुणी नसताना, स्वतःही पिऊ लागला.

आंपारोचं काही एवढ्या लवकर निभावलं नाही. दुसऱ्या दिवशी मागून मिरच्या करपल्याचा वास आला. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. जेवताना फीनानं जाड तोर्तिया आणून ठेवल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. आंपारोनं एक खाल्ली. मग दुसरी घेतली. चवीला बऱ्या होत्या, हे तिला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात.

चौथ्या दिवशी कसोटी लागली. ऊन असं होतं की कुत्री गाड्यांखालून बाहेर येत नव्हती. तिच्या हिशेबानं मागच्या बशीतलं पाणी कालच बदलायला हवं होतं, आणि साखरेचं पाणी उकळल्याचं तिनं काही ऐकलं नव्हतं. नासलं असेल. पाखरांच्या जिभेवर बुरा धरेल. पाखरांसाठी तरी बघायला हवं, असं तिनं स्वतःला पटवलं आणि ती उठली. भिंतीच्या कडेकडेनं, हातानं चुना चाचपत, ती कोपऱ्यापर्यंत गेली. पन्हाळीच्या नळाला धरून उभी राहिली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं दिसलं असतं.

पलीकडून पंखांचा आवाज येत होता, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. आणि फीनाचा आवाज. ती कुणाला तरी रागावत होती, ढकलाढकली करू नका म्हणत होती, म्हातारीला आधी येऊ द्या म्हणत होती. मग काहीतरी गुणगुणली. तो आवाज आंपारोनं फार वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी फीना झोपडीच्या मागं एकटी खेळायची तेव्हा असाच आवाज यायचा, आणि आंपारो कामाला हाक मारायची तेव्हा तो थांबायचा.

तिनं हाक मारली नाही. नळावरचा हात काढला आणि आली तशी भिंत चाचपत परत गेली. बशीतलं पाणी बदललं होतं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ऑगस्टच्या मध्याला एका सकाळी मेस्कितचं टोक रिकामं होतं. शेरीफ गेला होता. आदल्या दिवशी तो चांगला गुबगुबीत दिसत होता, खाली बसताना फांदी लवायची. आंपारोनं दोन-तीनदा वर पाहिलं. त्याच्याबद्दल राग होता तो कुठं गेला तिला कळलं नाही. जा बाबा, नीट जा, असं ती पुटपुटली.

एफ्राइन ठरल्याप्रमाणे शेवटच्या रविवारी आला. ओसरीत बसला, कॉफी घेतली, मुलांचं सांगितलं, खोलीला पिवळा रंग दिला आहे म्हणाला. फीनाच्या दोन्ही बॅगा भरलेल्या आहेत हे आंपारोला ठाऊक होतं. त्या कधी उघडल्या गेल्या आणि कधी भरल्या गेल्या याकडे ती महिनाभर मुद्दाम लक्ष देत नव्हती. फीना आतून आली, दारात उभी राहिली. एफ्राइन आंपारोकडे वळला आणि विचारलं की मावशी, तुला काय वाटतं, आईला नेऊ ना?

साठ वर्षं फीनाच्या वतीनं उत्तर आंपारोनंच दिलं होतं. शाळा सोडायची की नाही, कुणाशी लग्न करायचं, बाळंतपणाला कुठं यायचं. तिनं 'राहू दे तिला इथं' म्हटलं असतं तर एफ्राइननं ऐकलं असतं, आणि फीनानंही बहुधा ऐकलं असतं. तिच्या तोंडाशी तेच आलं होतं. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"मला नको विचारूस, बाळा," ती म्हणाली. "तिला विचार. ती समोर उभी आहे."

एफ्राइननं आईकडे पाहिलं. फीना बहिणीकडे पाहत होती, जणू ही बाई कोण आहे ते तिला नीटसं आठवत नव्हतं.

"मागं चूल आहे," ती मुलाला म्हणाली. "पाखरंही आहेत, हिवाळ्यातसुद्धा काही राहतात म्हणे. ताई तिकडं पाऊल टाकत नाही. त्यांना कोण बघणार?"

एफ्राइन म्हणाला की खोली रंगवली आहे.

"मग मी नाताळात येऊन राहीन त्या खोलीत. आणि उन्हाळ्यात पोरांना इकडं पाठव." मग ती आंपारोकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली की बॅगा जड आहेत, एक बाजू धर.

दोघींनी त्या आत नेल्या. एफ्राइन जेवून संध्याकाळी परत गेला. त्या दिवशी तोर्तिया जाडही होत्या आणि पातळही, आणि कुठल्या कुणी खाल्ल्या यावरून थोडी बोलाबोली झाली.

भांडणं पुढंही होत राहिली, दोघी म्हाताऱ्या होत्या आणि एका छपराखाली होत्या. आंपारो पुढं बसे, फीना मागं, आणि संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात भेटत. फीना त्या घरात बारा वर्षं राहिली. दोन हजार नऊ सालच्या नोव्हेंबरात तिला न्यूमोनिया झाला आणि सहाव्या दिवशी ती वारली. आंपारो तिच्यामागं सव्वा वर्ष जगली. दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, ती वारली.